मुकादम नसलेली खातेवही

बीडच्या बसस्थानकातली एसटी इंडोनेशियात धावते असे मी सांगितले, तर निवृत्त माणसाला दुसरा उद्योग उरलेला नाही असे वाचकांना वाटेल. पण ती खरोखर धावते. दोन्ही बाजूंना भातखाचरे, नारळीची झाडे, मध्येच एखादा टोलनाका, आणि त्यातून दिमाखात चाललेली आपली लालपरी. कपाळावर ‘बीड–पुणे’ अशी पाटी. चालकाच्या जागी असतो एखादा मराठी मुलगा, जो प्रत्यक्षात घरच्या ओट्यावर मोबाइल आडवा धरून बसलेला असतो. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हे त्या खेळाचे नाव. मालेओ नावाच्या इंडोनेशियन कंपनीने तो २०१७ मध्ये आणला. तिकडेही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, चालक उजवीकडे बसतो, आणि रस्त्याकडेची पोरे बसवाल्याला हॉर्न वाजवायची गळ घालतात. हा खेळ आपल्याकडे रुजायला फारसे खतपाणी लागले नसावे.

या खेळात कंपनीने एक दार उघडे ठेवले आहे. स्वतः घडवलेली गाडी खेळणाऱ्याला खेळात आणता येते. मूळ खेळात अशी भर घालण्याला ‘मॉड’ म्हणतात. केरळातल्या मुलांनी तिथल्या चित्रविचित्र रंगांच्या खासगी बस या खेळात आणल्या, आपल्या मुलांनी एसटी आणली. कंपनीने खेळ दिला, रस्ते दिले. पण बीडच्या मुलाला तो खेळ आपला वाटतो तो या एसटीमुळे, आणि ती एसटी कंपनीने केलेली नाही. ज्याने केली त्याला काय मिळते, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

आमच्या गल्लीत असा एक मुलगा आहे. त्याला अजून अठरा वर्षे पूर्ण व्हायची आहेत. आईवडील दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर हा आजीजवळ. एक एसटी घडवायला त्याने चार महिने घेतले. बसस्थानकात जाऊन त्याने फोटो काढले: वायपर, मागची शिडी, खिडक्यांचे गज, दाराची मूठ. एका चालकाने हटकले, तेव्हा ‘कॉलेजचा प्रोजेक्ट आहे’ म्हणून सांगितले. ओळखीच्या एका मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात, दुकान बंद झाल्यावर, तिथल्या संगणकावर ‘ब्लेंडर’ नावाच्या फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीत त्याने गाडीचा सांगाडा उभा केला. मला त्याने ती दाखवली तेव्हा मी म्हटले, पत्रा जरा मळलेला दिसतो. तर म्हणाला, ‘‘काका, नवी एसटी कुणीबी करतं. मळलेली करायला अवघड आहे.’’ चाळीस वर्षे लिहिणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकून त्या मुलाविषयी आदर वाटला.

त्याने गाडी इंटरनेटवर टाकली. महिनाभरात ती दुसऱ्याच एका यूट्यूब वाहिनीवर दिसू लागली. नंबरप्लेटमध्ये याने स्वतःच्या नावाची आद्याक्षरे दडवली होती. ती तेवढी बदललेली, बाकी धुळीचा डागसुद्धा तोच. तिथे जाहिराती, त्या जाहिरातींचे पैसे त्या वाहिनीवाल्याला. ‘‘त्यानं माझं नावच खोडलं वो काका,’’ एवढेच तो मला म्हणाला. पैशाचे नंतर, नावाचे आधी. लेखकांचेही असेच असते. फक्त ते कबूल करत नाहीत.

न्यायाने बोलायचे तर या मुलाने तरी कुणाला विचारले होते? एसटीचे बोधचिन्ह महामंडळाचे. त्या गाडीची बांधणी चिकलठाणा किंवा दापोडीच्या कार्यशाळेतल्या कामगारांची. त्यांचीही नावे पत्र्यावर नसतात, पण त्यांना महिन्याला पगार मिळतो. कलाकृती एकावर एक रचल्या जातात तेव्हा खालच्या थराचे देणे कुणी आणि किती द्यायचे, हा गुंता जुना आहे. खेळांच्या धंद्यात तो फार मोठ्या रकमांचा आहे.

ज्या पबजीच्या नावाने अनेक घरांतल्या आयांनी कपाळाला हात लावला, त्याचेच उदाहरण घ्या. चेक प्रजासत्ताकातल्या एका कंपनीचा ‘आर्मा २’ हा सैनिकी खेळ होता. न्यूझीलंडच्या डीन हॉलने २०१२ मध्ये त्यात भर घालून ‘डेझी’ हा मॉड केला. ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाने त्या मॉडमध्ये आणखी भर घालून ‘शेवटी उरेल तो जिंकला’ असा प्रकार रचला. म्हणजे मॉडवर मॉड. पुढे कोरियातल्या कंपनीने ग्रीनला बोलावले आणि २०१७ मध्ये पबजी आला. भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी घातली तोवर तो आपल्या वाडीवस्तीपर्यंत पोचला होता. ‘काउंटर-स्ट्राइक’ची कुळकथाही अशीच. दोन तरुणांनी १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या खेळावर तो मॉड म्हणून केला, आणि वर्षभरात मूळ कंपनीने तो त्यांच्यासकट विकत घेतला. हे नशीबवान. ‘वॉरक्राफ्ट ३’वर हौशी मंडळींनी ‘डोटा’ रचला, त्यावर पुढे दोन-तीन कंपन्यांचे प्रचंड धंदे उभे राहिले, आणि नावाच्या हक्कावरून दोन बड्या कंपन्या भांडल्या. २०१२ मध्ये त्यांच्यात समझोता झाला. मूळ कंपनीने यातून एक धडा घेतला. २०२० मध्ये त्या खेळाची नवी आवृत्ती आली तेव्हा नियमांतच लिहून टाकले की खेळणाऱ्यांनी त्यात जे काही रचले ते आमचे.

पैसे देण्याचा प्रयत्न कुणी केला नाही असेही नाही. २३ एप्रिल २०१५ रोजी ‘स्कायरिम’ या खेळाचे मॉड विकायची सोय झाली. शंभरातले पंचवीस मॉड करणाऱ्याला, पंचाहत्तर दोन कंपन्यांना. गिऱ्हाइकांनी असा गदारोळ केला की २७ तारखेला ती योजना गुंडाळावी लागली. त्या चार दिवसांत आणखी एक गोष्ट उघडी पडली. विक्रीला ठेवलेल्या एका मॉडमध्ये दुसऱ्या हौशी माणसाचे काम गुंफलेले होते. फुकट होते तोवर त्याची हरकत नव्हती. किंमत लागली तेव्हा त्याने ‘मला विचारले होते का?’ असे विचारले, आणि तो मॉड काढून घ्यावा लागला.

इथे ब्लॉकचेनवाले पुढे येतात. ते म्हणतात, कुणाचे काय आणि किती हे लिहिणारी एक पक्की, कुणालाच खोडता न येणारी खातेवही असती तर हा प्रश्नच आला नसता.

खातेवही म्हटल्यावर माझे कान टवकारतात. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत संगणक नव्हता. लेजरच्या पानाच्या तळाशी बेरीज आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर तीच बेरीज, ‘मागील पानावरून’ म्हणून. महिनाअखेरीस बॅलन्सिंगला बसलो आणि सत्तावीस पैशांचा डिफरन्स निघाला की शिपायासकट सारी शाखा रात्री नऊपर्यंत अडकायची. कुणी मागचे पान गुपचूप बदलले तर पुढची बेरीज बोंब मारायची. ब्लॉकचेन म्हणजे याच व्यवस्थेची फार पुढे गेलेली पणती. तिथे नुसती बेरीज पुढे नेत नाहीत. पानावरच्या अक्षर अन् अक्षराचा मिळून गणिताने एक अंगठा उमटवतात आणि तो अंगठा पुढच्या पानाच्या माथ्यावर येतो. मागचे एक शून्य जरी बदलले तरी अंगठा बदलतो, आणि पुढच्या साऱ्या पानांशी त्याचा मेळ बसत नाही. शिवाय वहीची प्रत एकाच शाखेत नसते, जगभर हजारो संगणकांवर असते. सातोशी नाकामोतो असे नाव घेतलेल्या कुणीतरी २००८ मध्ये ही कल्पना मांडली आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. २०१५ मध्ये इथेरियम नावाची वही आली. तिच्यात नोंदीबरोबर अटही लिहिता येते, आणि अट पूर्ण झाली की पैसे आपोआप वळते होतात. बँकवाल्यांना हे स्टँडिंग इन्स्ट्रक्शनसारखे वाटेल. फरक एवढाच की ती पाळायला कुणी कारकून नाही, त्यामुळे ती विसरायलाही कुणी नाही.

मॉड करणाऱ्यासाठी हे कसे वापरायचे? समजा आमच्या मुलाची एसटी कुणी दहा रुपयांना घेतली. त्यातले चार कंपनीला, चार याला, एक चाकाचा नमुना ज्याचा त्याला, आणि एक इंजिनाचा आवाज ज्याने आगारात उभे राहून टिपला त्याला. ही वाटणी एकदाच लिहायची. उद्या पुण्याच्या कुणी याच गाडीची शिवशाही केली, तर तिच्या विक्रीतलाही ठरलेला हिस्सा याच्याकडे यायचा. माग तुटत नाही, मध्ये कुणी हात मारू शकत नाही. मुकादम नसलेली खातेवही!

मला या कल्पनेचे आकर्षण आहे हे लपवत नाही. कादंबरीच्या किती प्रती छापल्या हे लेखकाला कळायचा मार्ग आजही प्रकाशकाच्या चिठ्ठीतूनच जातो. माझ्या एका कादंबरीची पहिली आवृत्ती अकरा वर्षे संपलीच नाही, आणि तरी बाजारात तिच्या नव्याकोऱ्या प्रती मिळत राहिल्या. जुन्या काळी काही ग्रंथकर्ते प्रत्येक प्रतीवर सही करत आणि ‘सही नसलेली प्रत चोरीची समजावी’ असे आत छापत. आपल्या संतांनी तर शेवटच्या चरणातच नाव ओवून ठेवले. अभंग कुठेही गेला तरी नाव बरोबर जायचे. (तरीही तुकोबांच्या नावावर दुसऱ्यांनी रचलेले अभंग खपवले गेलेच. चोर नाव खोडतो तसाच कधी कधी नाव चिकटवतोही.)

या कंसातच ब्लॉकचेनची पहिली अडचण आहे. वहीत जे लिहिले ते पुसता येत नाही, हे खरे. पण जे लिहिले ते मुळात खरे होते की नाही, हे वही सांगत नाही. गावाकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही, हे आपल्याकडच्या निम्म्या भाऊबंदांना कोर्टात जाऊन कळलेले आहे. मॉड चोरणाराच आधी जाऊन नोंद करून आला, तर ती कायमची, अक्षय, जगभर हजारो प्रतींत सुरक्षित अशी चोराची नोंद असेल. हे काल्पनिक नाही. डिजिटल कलावस्तूंच्या ‘ओपनसी’ या सर्वांत मोठ्या बाजाराने जानेवारी २०२२ मध्ये स्वतःच जाहीर केले होते की त्यांच्या फुकट नोंदणीच्या सोयीतून आलेल्या वस्तूंपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक वस्तू चोरीच्या, बनावट किंवा कचरा होत्या. सरकारी दाखल्यांचे तसे नसते. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली भागात २०२२ मध्ये जात प्रमाणपत्रे ब्लॉकचेनवर नोंदवण्याचे काम हाती घेतले गेले. तिथे ही वही उपयोगी पडते, कारण नोंदीआधी एका अधिकाऱ्याने कागद तपासून सही केलेली असते.

दुसरी अडचण मला जास्त बोचते, कारण ती बीडच्या माणसाला पाहताक्षणी ओळखू येते.

‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ नावाचा एक खेळ व्हिएतनाममधल्या कंपनीने काढला. त्यात तीन गोंडस प्राणी पाळायचे, झुंजवायचे, आणि त्याबद्दल ब्लॉकचेनवरची नाणी मिळवायची. २०२१ मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत कामधंदा गेलेली फिलिपाइन्समधली हजारो माणसे हा खेळ पोटासाठी खेळू लागली. सगळ्यांचा हिस्सा आपोआप, मध्ये कुणी नाही, अशी त्याची कीर्ती. पण खेळ सुरू करायला तीन प्राणी विकत घ्यावे लागत, आणि भाव चढल्यावर ते गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले. मग काय झाले? ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी प्राणी विकत घेतले आणि गरिबांना खेळायला दिले. कमाईतला हिस्सा, कधी तीस टक्के, कधी निम्मा, त्यांचा. या देणाऱ्यांना तिथे ‘मॅनेजर’ म्हणत आणि खेळणाऱ्यांना ‘स्कॉलर’, म्हणजे शिष्यवृत्तीधारक!

आपल्याकडे याला मुकादम म्हणतात, आणि शिष्यवृत्तीला उचल. मी केजच्या शाखेत असताना हंगामाआधी बसस्थानकासमोरच्या हॉटेलात हे व्यवहार होताना पाहिले आहेत. नवराबायकोचा मिळून एक कोयता, कोयत्यामागे इतकी उचल. कारखान्याने टनाला दिलेला दर जाहीर, वजनकाटा जाहीर, सारे वहीत. तरी पट्टा पडायच्या वेळी हिशेब असा निघतो की उचल फिटलेली नसते आणि पुढचा हंगाम याच मुकादमाकडे लिहिलेला असतो. त्या वहीतली बेरीज अनेकदा बरोबरच असते. मजुराचे नुकसान बेरजेत होत नाही. ते हंगामाआधी, घरात दाणा नसताना त्याने ज्या अटींवर अंगठा दिला त्या अटींत झालेले असते. फिलिपाइन्समधल्या शिष्यवृत्तीधारकांची वही तर गणिताने सिद्ध केलेली, कुणालाच खोडता न येणारी होती. त्यांचे नाणे २०२१ च्या मध्याला तीस-पस्तीस अमेरिकी सेंटांना जात होते. वर्षभरात ते एका सेंटाच्याही खाली आले. मार्च २०२२ मध्ये त्या व्यवस्थेच्या तिजोरीवर सुमारे ६२ कोटी डॉलरचा दरोडा पडला. तिजोरीला नऊ किल्ल्या होत्या, पाच लागल्या की ती उघडत असे, आणि त्यांपैकी चार एकाच कंपनीच्या ताब्यात होत्या. पाचवी चोरांनी मिळवली. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या एकाच अधिकाऱ्याच्या खिशात सापडल्या तर आमच्या वेळी त्याची बदली नव्हे, निलंबन होत असे.

राहिला तो ‘पुढच्या प्रत्येक विक्रीत निर्मात्याचा हिस्सा’. त्या शब्दावर जगभरातल्या चित्रकारांनी आपली कामे या बाजारांत नेली. बाजार थंडावला, स्पर्धकांनी हिस्सा न मागता विक्री सुरू केली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनसीने हा हिस्सा गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडायचे जाहीर केले. वही जिथली तिथे होती. हिस्सा वळता करण्याचे बंधन वहीत नव्हते, दुकानदाराच्या धोरणात होते. खेळांच्या कंपन्यांनी तर आधीच दारे लावली होती. ‘स्टीम’ या सर्वांत मोठ्या दुकानाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्लॉकचेनचे खेळ बंद केले, ‘माइनक्राफ्ट’ने जुलै २०२२ मध्ये.

हे सगळे मी इतक्या तपशिलाने का वाचले, तर गेल्या हंगामात मला एका दुपारी फोन आला. त्या मुलाची आई कर्नाटकातल्या एका कारखान्याच्या फडावरून बोलत होती. मागे ट्रॅक्टरचा आवाज. ‘‘सायेब, पोरगं आठ हजार भरायचेत म्हणतंय. गाडीचं रजिस्ट्रेशन हाय म्हणं. मुकादमाकडून उचलून पाठवू का?’’ मला आधी वाटले, मोटारसायकल घेतली की काय. चौकशी केली तेव्हा कळले: शहरातल्या एका मध्यस्थाने मुलाला सांगितले होते की तुझी एसटी ब्लॉकचेनवर नोंदवून देतो, नोंदणीचे आठ हजार, वर एका नव्या ‘गेमिंग कॉइन’ची पन्नास नाणी मोफत, आणि आणखी चार मुले आणलीस तर कमिशन.

आठ हजार रुपये म्हणजे किती उसाच्या मोळ्या, हा हिशेब मी तिला विचारला नाही. पाठवू नका, एवढेच सांगितले. मुलाला समोर बसवून मात्र तासभर बोललो. त्याला सांगितले की अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार आपल्या कायद्यात मुळातच शून्य असतो. १८७२ च्या करार कायद्यात ते आहे, आणि १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यापासून त्यात शंका उरलेली नाही; बँकेच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाने तो खटला घोकलेला असतो. संगणकावरचा करार वय विचारत नाही, कोर्ट विचारते. हेही सांगितले की २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर सरसकट तीस टक्के कर आहे आणि एकीकडचा तोटा दुसरीकडच्या नफ्यातून वजा करता येत नाही. गेनबिटकॉइनची गोष्ट सांगितली: महिना दहा टक्के, अठरा महिने, असे आमिष, पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये सूत्रधाराला अटक केली तोवर मराठवाड्यातलेही पैसे बुडालेले होते. आपल्याच शहरात २०२३ च्या अखेरीस एका मोठ्या मल्टिस्टेट पतसंस्थेच्या शाखांबाहेर लागलेल्या रांगा त्याने पाहिल्या होत्या, त्या मला सांगाव्या लागल्या नाहीत.

तो सगळे ऐकून म्हणाला, ‘‘मंग माझं नाव लागायचंच नाही का?’’

नाव लागू शकते. त्याला मी जे सांगितले ते इथेही सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम म्हणते की हक्क विकून टाकले तरी कृती आपली आहे असे म्हणण्याचा निर्मात्याचा अधिकार शाबूत राहतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आठ हजार नाहीत. नाव खोडून माल खपवणाऱ्या वाहिनीविरुद्ध यूट्यूबकडे तक्रार करता येते. त्यासाठी कामाचे टप्पे तारखेसह जपून ठेवावे लागतात: कच्चे फोटो, अर्धवट सांगाडे, जुन्या फाइली. या कामात ब्लॉकचेनचा खरा आणि स्वस्त उपयोग आहे. फाइलचा अंगठा अमुक दिवशी अस्तित्वात होता एवढीच नोंद त्यावर करून ठेवता येते. कामही उघड होत नाही आणि नाण्यांच्या सट्ट्यातही पडावे लागत नाही. त्याने मालकी सिद्ध होत नाही. पण नंतर येणाऱ्या चोरापुढे ठेवायला तारीख मिळते, आणि न्यायाच्या कामात तारखेला किती मोल असते हे वकिलांना विचारा.

पैशाचे म्हणाल, तर तो करारातूनच येतो. आपल्याकडचे गीतकार आणि संगीतकार कित्येक दशके एकरकमी पैसे घेऊन हक्क सोडत आले. जावेद अख्तर आणि इतरांनी धरून लावले तेव्हा २०१२ मध्ये कायदा बदलला. आता चित्रपटाबाहेर गाणे वाजले तर त्या रॉयल्टीतला हिस्सा त्यांना सोडूनही देता येत नाही. सोडून देता येत नाही, ही यातली सर्वांत शहाणी गोष्ट आहे, कारण अडलेला माणूस सोडून देण्याच्या कागदावर सही करतोच. खेळांच्या धंद्यात ‘फोर्टनाइट’ने २०२३ पासून आपल्या दुकानाच्या निव्वळ कमाईतले चाळीस टक्के आत नव्या जागा रचणाऱ्यांत वाटायचे ठरवले. ‘स्कायरिम’वाल्यांनीही २०२३ च्या डिसेंबरात निवडक मॉडकारांना विक्रीतला वाटा द्यायला सुरुवात केली. दोन्हीकडे ब्लॉकचेन नाही, साधी कंपनीची वही आहे. ती तपासायचा अधिकार मॉडकाराला मिळत नाही. प्रकाशकाच्या चिठ्ठीवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला ती उणीव टोचते. हिस्सा करारात आधी ठरलेला असेल, तर त्याचा हिशेब उघड्या, न खोडता येणाऱ्या वहीत ठेवा, ही मागणी रास्त आहे. ब्लॉकचेनवाल्यांनी नाणी विकण्याऐवजी तेवढेच विकले असते तर मी त्यांच्या बाजूने एक कादंबरी लिहिली असती.

एक सूचना करून थांबतो. एसटी महामंडळाकडे त्या लाल रंगाचा आणि बोधचिन्हाचा हक्क आहे. म्हणजे या साऱ्या साखळीत आपल्या बाजूने बोलू शकणारा एक धनी आहे, आणि तो सरकारी आहे. महामंडळाने उद्या असे जाहीर केले, की आमची गाडी खेळात वापरायला परवानगी आहे, फी नाही, पण घडवणाऱ्याचे नाव गाडीच्या मागच्या पत्र्यावर असलेच पाहिजे, आणि जो कुणी या गाडीवर पैसे कमावेल त्याने त्यातला ठरावीक हिस्सा त्या नावाला दिला पाहिजे, तर नाव खोडणाऱ्या वाहिन्यांना उत्तर द्यावे लागेल ते महामंडळाला. अकरावीतल्या एकट्या पोराला मग त्यांच्यामागे धावावे लागणार नाही. यासाठी एक पानी परिपत्रक पुरेल. अर्थात असा अर्ज मुंबई सेंट्रलच्या मुख्यालयात पोचला, तर तो वाहतूक खात्याकडे पाठवायचा, यंत्र अभियांत्रिकी खात्याकडे की जनसंपर्काकडे, हे ठरवायला आधी एक बैठक घ्यावी लागेल.